सहा फोटो शिल्लक

तमिळमध्ये 'मलै' म्हणजे डोंगर. एवढं एकच ज्ञान गाठीशी बांधून मी १९९६च्या ऑक्टोबरात स्वामीमलैला निघालो होतो. कुंभकोणमहून बस सुटली. दोन्ही बाजूंना भातखाचरं, केळीच्या बागा, मध्येच माडांची रांग. मी खिडकीला नाक लावून डोंगर शोधत होतो. सात-आठ किलोमीटर झाले, कंडक्टरने 'उतरा' म्हणून खूण केली, तरी डोंगराचा पत्ता नाही.

"डोंगर कुठाय?" मी विचारलं.

बरोबरच्या काकांनी समोरच्या देवळाकडे बोट दाखवलं. "हाच की!"

कावेरीच्या मुलखात जमीन ताटासारखी सपाट. पण मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी, हा डोंगरावर राहणारा देव. त्याच्या सहा मुख्य स्थानांपैकी हे एक. मग भक्तांनी दगडमाती रचून त्याच्यासाठी डोंगर उभा केला आणि वर देऊळ बांधलं. चढायला साठ पायऱ्या. साठच का, तर संवत्सरं साठ. एकेका पायरीला एकेका संवत्सराचं नाव. प्रभव, विभव, शुक्ल... आपल्या पंचांगातलीच ही नावं. त्या वर्षी आपल्याकडे धाता संवत्सर चालू होतं, ते दहावं. मी मोजून दहाव्या पायरीवर थांबलो. घरापासून हजार-बाराशे किलोमीटरवर आपलं कॅलेंडर दगडात भेटलं की कसं वाटतं, ते सांगता येणार नाही.

बायको मात्र पहिल्या पायरीशीच अडली होती. आमच्याकडे बायकांनी कार्तिकस्वामीचं दर्शन एरवी घेत नाहीत, कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्र असेल तेवढंच. आणि इथे तर नव्या नवऱ्या डोक्यात मोगऱ्याचे गजरे माळून भराभर वर चाललेल्या! काका हसून म्हणाले, "तुमच्याकडचा ब्रह्मचारी आहे. इकडच्याला दोन बायका आहेत, वल्ली आणि देवसेना. खुशाल वर जा." याच देवाने लहानपणी प्रत्यक्ष बापाला, म्हणजे शंकराला, ओंकाराचा अर्थ सांगितला, अशी इथली कथा. पोरगा गुरू झाला, म्हणून तो स्वामिनाथ.

काकांची ओळख आदल्या दिवशीच, कुंभकोणमच्या एका खाणावळीत झाली होती. आम्ही नवरा-बायको मराठीत भांडत होतो आणि पलीकडच्या पानावरचे गृहस्थ गालातल्या गालात हसत होते. निघाले तंजावरी मराठी! व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावर घेतलं, त्यांच्या राज्याबरोबर जी कुटुंबं तिकडे गेली आणि तिथलीच झाली, त्यांच्या वंशातले. घरात अजून मराठी, पण तीनशे वर्षं तमिळच्या शेजारात मुरलेली. निम्मं कळायचं, निम्मं अंदाजाने. "बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव आमच्या कुंभकोणमचे बरं का!" हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. माधवरावांचा जन्म १८२८चा. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे ते दिवाण झाले. काकांचा अभिमान अगदीच उगाच नव्हता. (काकांचं बोलणं इथे मी आपल्या मराठीत देतोय. त्यांची बोली लिहायला गेलो तर नक्कल होईल.)

आता माझी अडचण सांगतो. स्वामीमलैला पोचलो तेव्हा माझ्या कॅमेऱ्यात सहा फोटो शिल्लक होते. छत्तीसचा रोल, त्यातले तीस येरकाडच्या डोंगरात फुलपाखरांवर उडवून आलो होतो.

आजच्या मुलांना हे दुःख कळायचं नाही. मोबाइलवर सकाळच्या चहाचेच सहा फोटो निघतात. तेव्हा एक रोल विकत घेणं, तो धुऊन आणणं आणि प्रिंट काढणं म्हणजे महिन्याच्या खर्चात डोळ्यावर येणारी बाब होती. दुसरा रोल कुंभकोणमला घेऊ म्हटलं, तर पोचलो शनिवारी रात्री. दुसऱ्या दिवशी रविवार, फोटोची दुकानं बंद.

येरकाड सालेमजवळ, शेवरॉय डोंगरात. पूर्व घाटातलं हे ठिकाण. कॉफीचे मळे, त्यांवर सावली धरणारी उंच झाडं आणि पावसाळ्यानंतर फुलपाखरंच फुलपाखरं. निळ्या पट्ट्यांचे ब्लू टायगर आणि काळपट तपकिरी कॉमन क्रो तर शेकड्यांनी. ही मंडळी प्रवासी. जूनच्या पावसाआधी सह्याद्रीतून पूर्वेकडे येतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला परत फिरतात. एवढ्याशा पंखांवर शेकडो किलोमीटर! आमच्यासारख्यांना बसच्या एका रात्रीने कंबर धरायला होते.

वाटेत एका उतारावर खुळखुळ्याची वाळकी झुडपं होती. हिरवी झाडं सोडून फुलपाखरांचे थवे त्या वाळलेल्या काड्यांना चिकटले होते. त्यातून ती काही अल्कलॉइड शोषून घेतात. त्यांच्या अंगाला त्याने कडू चव येते, म्हणून पक्षी वाटेला जात नाहीत, आणि नरांना माद्यांना भुलवायला लागणारा गंधही त्यातूनच तयार होतो. एवढं डोळ्यांसमोर चाललेलं असताना मी काय केलं? धावलो. फुलपाखराचा फोटो काढणाऱ्याने पहिली गोष्ट करायची नसते ती हीच. सकाळी लवकर जावं. गारठ्याने त्यांचे पंख जड असतात, उन्हात उघडून बसतात. आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नये, बसून बसून पुढे सरकावं, श्वास रोखून बटण दाबावं. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी धावलो. तीस फोटोंत बहुतेक नुसती पानं आली, हे घरी गेल्यावर कळायचं होतं.

तर सहा. पहिला देवळाच्या पायऱ्यांवर. दुसरा पायथ्याशी जाईच्या माळा हातावर मोजून विकणाऱ्या बाईचा. उरले चार. मग काका म्हणाले, "देव बघितला, आता देव करतात ते बघ."

स्वामीमलैच्या गल्लीबोळांतून स्थपतींच्या कर्मशाळा आहेत. चोळ राजांच्या काळापासून या भागात पंचलोहाच्या मूर्ती ओततात. आम्ही गेलो ती जागा म्हणजे माडाच्या झावळ्यांची एक पडवी. कोपऱ्यात कोळशाची शेगडी, खाली मऊ वाळू आणि चार-पाच माणसं उकिडवी बसलेली. ओतकाम ठरलेलं, म्हणून रविवार असूनही काम चालू होतं.

पद्धत अशी. मधमाश्यांचं मेण, राळ आणि शेंगदाण्याचं तेल एकत्र वितळवून त्याची मूर्ती घडवायची. मापाला फूटपट्टी नाही. मूर्तीच्या उंचीएवढी माडाच्या पानाची पट्टी घ्यायची आणि तिला घड्या घालून ताल, अंगुळं ठरवायची. चेहरा एवढा, गळा एवढा, गुडघा इथे. शास्त्र त्या घडीत. (तिसरा फोटो त्या पानाचा.) मेणाची मूर्ती झाली की तिला मेणाच्याच सळ्या जोडायच्या. पुढे रस आत शिरायची आणि हवा बाहेर निघायची वाट तीच. मग मातीचा लेप. पहिला थर कावेरीच्या गाळाचा. ही माती इतकी बारीक, की मेणावरची केसाएवढी रेघही ती उचलते. त्यावर शेतातली माती आणि वाळू, जाड जाड थर. सावलीत वाळवून तो गोळा गोवऱ्यांच्या आगीत तापवला की मेण वितळून वाहून जातं, आत मूर्तीच्या आकाराची पोकळी उरते. तिच्यात तांबं, पितळ, थोडं शिसं आणि नावापुरतं सोनं-रुपं यांचा रस ओततात. निवलं की साचा फोडायचा. साचा एकदाच उपयोगी, म्हणून एकीसारखी दुसरी मूर्ती नाही. पुढे कानशी-छिन्नीचं काम महिनोन्महिने चालतं, ते वेगळंच.

हे आपल्याला अगदीच परकं नाही. बाराव्या शतकातला कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर, ज्याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात जुन्या मराठीचे नमुने सापडतात, त्याच ग्रंथात मेणाच्या मूर्तीवरून धातूची मूर्ती ओतायची ही कृती दिली आहे.

लेप चढवणारा माणूस पन्नाशी उलटलेला. उघडा, कमरेला धोतर, कपाळावर भस्म. डाव्या हातावर मेणाची देवी आडवी घेऊन तो उजव्या हाताच्या बोटांनी माती लावत होता. तान्ह्या पोराला तेल लावावं तशी. चौथा फोटो त्या हातांचा. चेहरा घ्यायला मागे सरकायला हवं होतं, पण मला हातच हवे होते. पाचवा फोटो रस ओतला त्या क्षणाचा.

एक उरला. दुपारी तोच माणूस टोपली घेऊन कावेरीवर गाळ आणायला निघाला, तसे आम्हीही त्याच्यामागे गेलो. पाण्याच्या कडेला त्याने गाळ खरवडायला घेतला आणि त्याच्या पायाशी, ओल्या चिखलावर एक फुलपाखरू येऊन बसलं. काळ्यावर पिवळे ठिपके, मागच्या पंखावर लाल टिकली. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या झाडावर ज्यांच्या अळ्या वाढतात ते, इंग्रजीत लाइम बटरफ्लाय. ओल्या मातीतून क्षार प्यायला हे नर असे उतरतात आणि मीलनाच्या वेळी ते क्षार मादीला देऊन टाकतात. माणूस मातीत, फुलपाखरूही मातीत. मी या वेळी धावलो नाही. बसलो, सरकलो, श्वास रोखला. टक्.

छत्तीस संपले.

मान वर केली तर तो माणूस माझ्याकडे बघत उभा. त्याने हात धुतले. धोतर सारखं केलं. खांद्यावरचा पंचा नीट घेतला आणि छातीवर हात बांधून, अगदी ताठ, नजर कॅमेऱ्यात रोवून उभा राहिला. सकाळपासून तो एक शब्द बोलला नव्हता. आता म्हणाला, "फोटो."

लिव्हर पुढे सरकेना. रोल संपला, हे खुणेने सांगता आलं असतं. काका तर शेजारीच होते, ते तमिळमध्ये सांगू शकले असते. पण पायाशी बसलेल्या किड्याचा फोटो काढला आणि माणसाच्या वेळेला रोल संपला, हे सांगायची मला लाज वाटली. मी कॅमेरा डोळ्याला लावला, बटणावर बोट ठेवलं आणि जिभेने आवाज काढला. टक्.

तो प्रसन्न हसला. कमरेच्या बटव्यातून बसचं जुनं तिकीट काढून त्याने काकांकडून त्यामागे पत्ता लिहून घेतला आणि माझ्या हातात दिला. मी मान हलवली. पाठवतो.

प्रवासात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांपैकी हे 'पाठवतो' कोण बोललं नाही? बांधावरच्या म्हातारीला, धर्मशाळेतल्या पोरांना, नावाड्याला. आणि किती जणांनी पाठवले? माझ्याजवळ तर पाठवायला काही नव्हतंच.

फुलपाखराचा फोटो मात्र उत्तम आला. सगळ्या रोलमध्ये तेवढाच. मोठा करून घेतला, चौकट करून दिवाणखान्यात लावला. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात त्या माणसाच्या पायाची दोन बोटं आली होती. दुकानदाराने विचारलं, "कापू?" मी म्हटलं, "कापा." तिकीट काही वर्षं पाकिटात राहिलं, मग पाकीट बदललं.

पुढे २०१४च्या सप्टेंबरात एक बातमी आली. तमिळनाडूतल्याच अरियलूर जिल्ह्यात श्रीपुरंदान म्हणून खेडं आहे, तिथल्या देवळातली चोळकालीन नटराजाची मूर्ती चोरीला गेली होती. ती तस्करांमार्फत परदेशी पोचली आणि २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने सुमारे पन्नास लाख डॉलरना विकत घेतली. हा नटराज श्रीपुरंदानचाच, हे सिद्ध कशावरून झालं? एका फोटोवरून. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेची माणसं १९५६ सालापासून दक्षिणेतल्या देवळादेवळांतून हिंडून मूर्तींचे फोटो काढत आली आहेत. एक लाखाहून जास्त फोटोंचा त्यांचा संग्रह आहे. त्यात १९९४ साली काढलेला या नटराजाचा फोटो होता. मूर्ती जुळली, आणि ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी दिल्लीला येऊन ती परत केली.

मी तो जुना फोटो पाहिला. कलाबिला काही नाही त्यात. समोर उभं राहून, जे आहे ते नीट, पूर्ण दिसेल असा काढलेला. कोपरा कापलेला नाही. वीस वर्षांनी त्या फोटोने देवाला घरी आणलं. माझ्या भिंतीवर सुंदर फुलपाखरू होतं आणि त्याच्या कोपऱ्यातून एक माणूस मी पैसे देऊन कापून टाकला होता.

जुन्या निगेटिव्ह शोधायला वेळ लागला. जायला त्याहून जास्त. २०१८च्या जानेवारीत दोन प्रिंट घेऊन कुंभकोणमला गेलो. एक लेप चढवणाऱ्या हातांची. दुसरी फुलपाखराची, न कापलेली. काका ब्याऐंशीचे झाले होते, पण हट्टाने बरोबर आले.

स्वामीमलै बदललं होतं. इथल्या मूर्तींना २००८-०९ साली भौगोलिक मानांकन मिळालं होतं. दुकानांवर पाट्या होत्या, मूर्तींची मोठमोठी दालनं होती. (पुढे २०२३ साली दिल्लीच्या भारत मंडपमसमोर उभा राहिलेला सत्तावीस फूट उंच, अठरा टनी नटराजही स्वामीमलैच्याच स्थपतींचा, याच मेणाच्या पद्धतीने ओतलेला.) आमची झावळ्यांची पडवी गेली होती. त्या जागी पत्र्याची शेड. हातांचा फोटो दाखवत आम्ही विचारत चाललो. नुसत्या हातांवरून माणूस कसा ओळखणार, असं मला वाटत होतं. पण चौथ्याच ठिकाणी चाळिशीतल्या एकाने फोटो हातात घेतला आणि तो खाली बसला.

"अप्पा," तो म्हणाला. अप्पा म्हणजे वडील.

अप्पा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मला वाटलं, आता हा रडणार. पण तो फोटो डोळ्यांजवळ नेऊन बारकाईने काहीतरी बघत होता. मग त्याने दुसऱ्या कारागिराला हाक मारली, दोघांचं तमिळमध्ये जोरात सुरू झालं. काकांनी सांगितलं, की मेणाच्या सळ्या कुठे जोडल्यात ते बघताहेत. अप्पा देवीच्या पाठीमागून सळी काढायचे, ही मंडळी खांद्याजवळून काढतात. "अप्पा पाठीमागूनच काढायचे असं मी नेहमी सांगतो, हे ऐकत नाहीत," असं त्याचं म्हणणं. आता पुरावाच हाती आला होता.

घरी कॉफी झाली. भिंतीवर अप्पांचा फोटो होता, ओळखपत्रावरचा मोठा केलेला, डोळे घाबरल्यासारखे. मुलगा म्हणाला, "अप्पांचा काम करतानाचा फोटो आमच्याकडे एकही नाही. ते सगळ्यांना सांगायचे, माझा एक फोटो बॉम्बेला आहे. नदीवर उभा असलेला."

मला कॉफी गिळवेना. मी काकांना म्हटलं, सांगा त्याला. तो फोटो निघालाच नव्हता, रोल संपला होता, मी खोटं खोटं बटण दाबलं आणि आवाज तोंडाने काढला. सगळं सांगा.

मी चार-पाच वाक्यं बोललो. काकांनी तमिळमध्ये एकच केलं. मुलाने मान डोलावली, "परवा नाही" असा हात केला आणि फुलपाखराची प्रिंट उचलली. कोपऱ्यातली दोन बोटं त्याने लगेच ओळखली. अंगठ्याच्या नखावर म्हणे एकदा तापला साचा पडला होता.

बाहेर आल्यावर मी काकांना विचारलं, "तुम्ही काय सांगितलंत?"

"रोल धुताना खराब झाला म्हणून सांगितलं."

"पण मी तर..."

"बावीस वर्षं तो माणूस तुझ्या फोटोत उभा होता," काका म्हणाले. "आता त्याला तिथून खाली उतरवून तुला काय मिळणार? तुझं मन हलकं होईल, एवढंच ना? ते तू तुझ्या घरी जाऊन कर."

काकांचं बरोबर होतं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. खोट्यावर खोटं चढलं, हे खरं. आणि मुलाच्या तोंडावर समाधान होतं, हेही खरं. म्हणून माझ्या वाटचं खरं मी इथे लिहून टाकतोय.

त्या दिवशी शेडमध्ये मुलाचा फोटो काढला. लेप चढवताना हातही दिसतील आणि चेहराही, समोर उभं राहून, पूर्ण. कुंभकोणमच्या दुकानात त्याची प्रिंट काढली आणि संध्याकाळच्या बसने परत जाऊन त्याच्या हातात दिली. आता माझा तेवढा नियम आहे. गावातून निघायच्या आत प्रिंट द्यायची. दुकान नसेल तर त्याच्याच घरातल्या कुणाच्या तरी मोबाइलवर तिथल्या तिथे पाठवायचा. तेही जमणार नसेल तर 'पाठवतो' म्हणायचं नाही.

दिवाणखान्यातली जुनी चौकट काढली, तिथे आता न कापलेली प्रिंट आहे. फुलपाखरू बघून लोक अजून वा वा करतात. मग कुणीतरी जवळ जाऊन विचारतं, "कोपऱ्यात ही बोटं कुणाची हो?"

मग मी त्यांना बसवतो आणि सांगतो.